फोटोतले काळे कुंकू

जुन्या फोटोतल्या पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळे असते. ठसठशीत, आडवे किंवा गोल, पण काळे. घरातली माणसे वर्षानुवर्षे तो फोटो बघतात आणि कुणालाच त्यात वावगे वाटत नाही. अडचण येते ती त्या फोटोवरून रंगीत तैलचित्र करून घ्यायचे ठरते तेव्हा. कुंकू लाल करणे सोपे आहे, ते लालच होते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तितकेच काळे दिसणारे लुगडे कोणत्या रंगाचे होते? आणि लाल कुंकू जर काळे उमटले असेल, तर पणजीचा चेहरा तरी फोटोत दिसतो तितका सावळा होता का?

पूर्वजांची चित्रे काढून घेण्याची हौस एके काळी संस्थानिक, सरदार आणि शेठ-सावकारांची होती. आता ती दोन खोल्यांच्या घरांपर्यंत पोचली आहे. विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी तर तिला वेगळेच कारण आहे. कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती इथे. एकीकडे कल्याण पूर्वेची वस्ती, दुसरीकडे उल्हासनगर. कल्याणच्या बाजूला कोकणातून, घाटावरून, खानदेशातून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे. उल्हासनगरला फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत हे निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. या परिसरातल्या बहुतेकांचे वडिलोपार्जित घर इथे नाही. वाडा, ओटी, तुळशीवृंदावन सगळे मागे राहिले. ट्रंकेत मावला तो फोटो.

त्या फोटोंवरही पाणी फिरले. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या पात्र सोडून वस्तीत शिरल्या. भिजलेल्या गाद्या टाकून देता येतात, कपाटे नवी आणता येतात. चिकटून एक झालेल्या अल्बमचे मात्र काय करायचे हे कुणालाच कळत नाही. अशा वेळी उरलेल्या एखाद्या डागाळलेल्या फोटोवरून चित्र काढून घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हे काम म्हणजे छोट्या फोटोची मोठी रंगीत नक्कल, असा जो समज असतो तो चुकीचा आहे.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. सुरुवातीच्या फोटोंच्या काचा, म्हणजे प्लेटा, फक्त निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाशच पकडत. त्यांच्यावरचे चांदीचे क्षार लाल आणि पिवळ्या प्रकाशाला दादच देत नसत. म्हणून निळे आकाश पांढरेफटक येई, फिकट निळे लुगडे जवळपास पांढरे दिसे, आणि लाल, पिवळे, केशरी जे काही असेल ते काळवंडे. कुंकू काळे, हळद काळी, सोन्याचे दागिने काळसर, फक्त चमकलेली कड तेवढी उजळ. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले की विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर प्लेट हिरवा प्रकाशही पकडते. लाल रंगासकट सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडले. त्यानंतरही स्टुडिओवाल्यांनी लाल न टिपणारी जुनी फिल्म बरीच वर्षे सोडली नाही, कारण ती डार्करूममध्ये लाल दिव्याच्या उजेडात धुता येई.

भारतीय कातडीत तांबूस-पिवळसर रंग जास्त, निळा कमी. त्यामुळे या प्लेटांवर माणसे होती त्याहून काळी येत, ओठ गडद होत, वांग आणि सुरकुत्या उठून दिसत. चाळिशीतली बाई साठीची वाटे. चित्रकाराला हे माहीत नसेल तर तो फोटोतली छटा तशीच उचलतो, तिच्यावर तपकिरी रंग चढवतो आणि पणजीला विनाकारण म्हातारी करून ठेवतो.

कल्याणशी नाते असलेल्या एका प्रसिद्ध फोटोत या सगळ्या अडचणी एकत्र पाहायला मिळतात. आनंदीबाई जोशी कल्याणात वाढल्या आणि तिथल्याच पोस्टात काम करणाऱ्या गोपाळरावांशी त्यांचे लग्न झाले. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा दोन मैत्रिणींसह फोटो काढला गेला. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली. हा फोटो हजारो ठिकाणी छापला गेला आहे आणि अलीकडे त्याच्या रंगीत आवृत्त्याही फिरतात. त्या आवृत्त्यांतला साडीचा प्रत्येक रंग अंदाजाने भरलेला आहे, कारण १८८५ चा फोटो तो रंग सांगूच शकत नाही.

या फोटोखाली तिघींची नावे आणि गावे दिली आहेत. आनंदीबाईंच्या नावापुढे सेरामपूरचे नाव आहे, तेही विचित्र स्पेलिंगमध्ये. गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती आणि तिथूनच त्या १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, म्हणून हे गाव. शिवाय तिथे त्यांना ‘डॉक्टर’ म्हटले आहे. पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. म्हणजे फोटो काढला त्या दिवशी त्या डॉक्टर झालेल्या नव्हत्या, ओळ नंतर लिहिली गेली. फोटोवरून चित्र काढणाऱ्याने आधी हीच तपासणी करायची असते. फोटो कधीचा, त्यावरचा मजकूर कधीचा, आणि दोन्हींपैकी कशावर किती विसंबायचे?

मृत व्यक्तीचे चित्र काढताना फोटोला बाहेरच्या माहितीची जोड किती लागते, याचे एक मोठे उदाहरण दिल्लीत आहे. संसदेच्या जुन्या इमारतीतल्या मध्यवर्ती सभागृहात लोकमान्य टिळकांचे तैलचित्र आहे. ते गोपाळ देऊसकरांचे. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २८ जुलै १९५६ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे अनावरण केले. देऊसकरांचा जन्म १९११ चा, टिळक वारले १९२० मध्ये. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलासमोर टिळक चित्रासाठी बसले असण्याचा प्रश्नच नव्हता. आधार होता तो फोटोंचा. पण टिळकांची पगडी लाल, हे काळ्या-पांढऱ्या फोटोने सांगितलेले नाही. ते सांगितले महाराष्ट्राच्या स्मरणाने. १९५६ मध्ये टिळकांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांची सभा ऐकलेली माणसे हयात होती, आणि रंग चुकला असता तर ती गप्प बसली नसती. याच देऊसकरांनी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी बालगंधर्वांची दोन तैलचित्रे केली, एक स्त्रीभूमिकेतले आणि एक पुरुषवेषातले. रंगमंदिर उघडले २६ जून १९६८ रोजी. बालगंधर्व त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

सामान्य घरातल्या पणजोबांना एवढे साक्षीदार नसतात. एखादी नव्वदीची आत्या, गावाकडची थोरली काकू, एवढेच. म्हणून जाणता चित्रकार कॅनव्हास ताणण्याआधी चौकशीला बसतो. पणजोबा शेतात जात की कचेरीत? उन्हातला माणूस असेल तर कपाळाचा टोपीखालचा भाग उजळ आणि गाल रापलेले असणार. तपकीर ओढत का, पान खात का? डोळे घारे होते का? डोळे फिकट होते एवढे जुन्या फोटोतून कळते, पण घारे, हिरवट की राखी हे तो सांगत नाही. मग घरातल्या आजच्या पिढीत घारे डोळे कुणाचे आहेत ते पाहायचे. नाकाची ठेवण, कानाची पाळी, हनुवटीची खळी या गोष्टी घराण्यात उतरतात, तेव्हा नातवाला उजेडाच्या त्याच बाजूला बसवून फोटोत विरून गेलेला भाग अभ्यासता येतो. फक्त नातवाचा चेहरा आजोबांवर चढणार नाही एवढे भान ठेवावे लागते. ते सुटते तेव्हा घरच्यांना चित्र फार आवडते, कारण त्यांना त्यात स्वतःच दिसतात.

कपडे ही आणखी फसवी गोष्ट. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर खांब, जिना, बाग, कधी तळे. पुढे कोरीव खुर्ची, गोल टेबल, फुलदाणी, जाड पुस्तक. कोटही बरेचदा स्टुडिओचा. आयुष्यभर बंडी आणि धोतरात वावरलेला माणूस फोटोपुरता कोट घालून ताठ बसलेला असतो. चेहऱ्यावरचा करारीपणाही तपासून घ्यावा. जुन्या प्लेटांना प्रकाश कित्येक सेकंद द्यावा लागे, तेवढा वेळ हलायचे नाही, म्हणून मागून मानेला लोखंडी टेकू देत. हसू इतका वेळ टिकत नाही. पणजोबा कडक होते ही दंतकथा कित्येक घरांत त्या टेकूतून जन्मली असेल.

मग चित्रात कोट ठेवायचा की काढायचा? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. फोटोच्या दिवशी त्यांना स्वतःला तसेच दिसायचे होते, हा मुद्दा कोटाच्या बाजूचा आणि तो हलका नाही. पण त्याउलट जे सर्रास चालते त्याचे समर्थन कठीण आहे. फोटोत उघड्या अंगाने बसलेल्या आजोबांना सूट आणि टाय, आजीच्या गळ्यात नसलेला राणीहार, आणि सर्वांत जास्त वेळा, गोरेपण. ‘जरा उजळ करा’ ही मागणी फोटो-स्टुडिओतल्या टचिंगच्या काळापासून चालत आली आहे. फोटो आधीच माणसाला काळवंडून दाखवतो हे वर आलेच, त्यामुळे थोडे उजळणे शास्त्राला धरून आहे. त्यापलीकडे जाऊन गुलाबी गाल रंगवले की ते चित्र कुणाचेही होऊ शकते, पणजीचे राहत नाही.

फोटोच्या दिशेचाही विचार करावा लागतो. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली तर डावे-उजवे बदलते आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. नथ मराठी पद्धतीने डाव्या नाकपुडीत असायला हवी. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते आणि छातीचा खिसा डावीकडे असतो. या खुणा उलट दिसल्या तर फोटो पालथा छापला आहे असे समजून आधी तो सुलटा करून घ्यावा. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. भांग, तीळ, किंचित तिरके हसू, सगळे चुकीच्या बाजूला जाते.

प्रत्यक्ष काम त्यानंतरचे. ग्रुप फोटोतला चेहरा नखाएवढा असतो. तो कॅनव्हासवर २४ सेंटिमीटर उंच करायचा म्हणजे बारा-पंधरा पट वाढवायचा. एवढ्या वाढीत फोटोतला दाणा फुटतो आणि डोळ्याच्या जागी फक्त राखाडी डाग उरतो. फोटो स्कॅन करायचा तो निदान ६०० डीपीआयवर, लहान असेल तर १२०० वर. मग ग्राफ टाकून, म्हणजे फोटोवर आणि कॅनव्हासवर प्रमाणात चौकटी आखून, कोळशाने रेखाटन. प्रोजेक्टरने हे काम लवकर होते, पण चौकटींमुळे चित्रकाराला चेहरा घराघराने वाचावा लागतो आणि डोळ्यांमधले अंतर, नाकाची लांबी मनात बसते. त्यावर आधी एकाच तपकिरी रंगात छायाप्रकाश, आणि तो वाळल्यावर त्वचेचे रंग. यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, टायटॅनियम व्हाइट, आणि सावलीत थोडा हिरवट-निळसर. हा थंड रंग फोटोत कुठेच दिसत नाही. तो जिवंत माणूस उजेडात बसवून बघितल्याशिवाय शिकता येत नाही. केवळ फोटोवरून शिकलेल्या माणसाच्या चित्रात सावल्या काळ्या आणि मेलेल्या येतात, त्या यामुळे. वाळण्याची घाई करून चालत नाही. जवसाच्या तेलातला रंग पाणी उडून वाळत नसतो, हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो. शेवटचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यावे. वर्षश्राद्धाला चित्र हवे असेल तर बाराव्या दिवशीच सांगायला हवे, आणि तरी ते बिनव्हार्निशचे मिळेल.

फोटो येण्याआधी मृत माणसाचे चित्र असे काढून घेण्याची सोय नव्हती. समोर बसलेला माणूसच चितारता येई. १७९२ च्या सुमारास जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवले. ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले आरंभीचे एक नामांकित फोटोग्राफर. फोटो स्वस्त होत गेला तसा तो हाताने रंगवण्याचा धंदाही वाढला. ब्रोमाइड कागदावर एनलार्जमेंट काढायची आणि तिच्यावर पातळ रंग चढवायचे, ही पद्धत रंगीत फिल्म घरोघर पोचेपर्यंत चालू होती. तैलचित्र म्हणून भिंतीवर असलेली बरीच चित्रे खरे तर अशा रंगवलेल्या एनलार्जमेंट असतात; कडेला भिंग लावून पाहिले की खालचा फोटो दिसतो.

रंग भरून पोकळी बुजवायलाच हवी असे मात्र नाही. गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराने १९६५ मध्ये घरच्या अल्बममधल्या फोटोंवरून दोन चित्रे काढली. एकात लष्करी गणवेशातला, फोटोसाठी हसणारा रुडी मामा. दुसऱ्यात तान्हा रिश्टर आणि त्याला धरून असलेली किशोरवयीन मारिआन मावशी. मामा युद्धात मारला गेला. मावशीला मानसिक आजार जडला आणि नाझींनी असे रुग्ण संपवण्याची जी मोहीम काढली तिच्यात ती बळी पडली. रिश्टरने दोन्ही चित्रे काळी-पांढरीच ठेवली आणि ओला रंग कोरड्या ब्रशने ओढून धूसर केला. जे माहीत नाही ते रंगवले नाही. मराठी घरांनी दिवाणखान्यात धूसर आजोबा लावावेत असे कुणी म्हणणार नाही. पण चेहरा नीट रंगवून बाकीचे, म्हणजे पार्श्वभूमी, लुगड्याचे काठ, खुर्ची, एकरंगी सोडून देणे हा त्याच जातीचा प्रामाणिक मार्ग आहे आणि तो दिसायलाही चांगला दिसतो.

आता मोबाइलमधली अ‍ॅपे हे सगळे काही क्षणांत करून देतात. २०२१ मध्ये एका वंशावळ कंपनीने जुन्या फोटोतली माणसे मान वळवताना, डोळे मिचकावताना दाखवणारी सोय आणली आणि ती जगभर गाजली. ही यंत्रे लक्षावधी इतर फोटोंवरून ‘असे असेल’ एवढेच सांगतात. पुसट डोळा स्पष्ट करताना ती पणजीचा डोळा शोधत नाहीत, सरासरी डोळा बसवतात. गंमत म्हणून हरकत नाही. चित्रकाराला आधार म्हणून मात्र मूळ स्कॅन द्यावा, अ‍ॅपमधून काढलेला गुळगुळीत चेहरा देऊ नये.

मूळ फोटो जपणे चित्रापेक्षाही महत्त्वाचे. दमट हवेत त्याला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. पुरात भिजलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यातून हलकेच काढावेत, पुढची बाजू पुसू नये, एकेक सुटा करून चित्र वर ठेवून सावलीत वाळवावा. एक-दोन दिवसांत हे जमणार नसेल तर मेणकागद घालून पिशवीत बंद करावेत आणि फ्रीझरमध्ये ठेवावेत. बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येते. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही.

आणि माणूस कोण हे लिहून ठेवावे. शिवाजी महाराजांच्या बाबतीतसुद्धा एके काळी दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र त्यांचे म्हणून चालत होते. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी डच चित्र उजेडात आणले तेव्हा ते बदलले. घरातल्या अल्बमसाठी कुणी बेंद्रे येणार नाहीत. तेव्हा येत्या सर्वपित्रीला सगळे जमाल तेव्हा अल्बम खाली काढा, वडीलधाऱ्यांना मध्ये बसवा, आणि प्रत्येक फोटोच्या मागे नाव, नाते, गाव आणि अंदाजे साल मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. ते फोटो पाकिटात घालून माहिती पाकिटावर लिहावी.